भय कोणाचे, आश्रय कोणाचा?

(धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज जो विषय आपणांपुढे मांडावयाचा आहे, तो प्रथमदर्शनी आपल्या घरापासून फार दूरचा वाटेल. विषय असा आहे : गुंडाने खंडणी मागितली, न दिल्यास जीव घेण्याची धमकी दिली, आणि त्या भयाने एखादा माणूस देश सोडून दुसऱ्या देशाच्या दारात उभा राहिला, तर त्यास निर्वासित म्हणून आश्रय मागण्याचा हक्क आहे काय? आपणांपैकी कोणी म्हणेल की, आम्ही वऱ्हाडातली माणसे. आम्हांस परदेशाच्या कचेऱ्यांशी काय करावयाचे आहे? परंतु ह्या प्रश्नाचा उलगडा करीत गेलो म्हणजे ध्यानात येईल की, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवरही उभा आहे आणि आपल्या गावकुसालाही येऊन भिडलेला आहे.

अमरावतीचा रामपुरी कॅम्प किंवा अकोल्याचा सिंधी कॅम्प आपण पाहिला आहे. 'कॅम्प' हा शब्द तेथे हौसेने आलेला नाही. 1947 साली देशाची फाळणी झाली आणि 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत दंगल उसळली; त्यानंतर सिंधमधील हिंदूंची रीघ भारताकडे लागली. घर, दुकान, जमीन मागे टाकून आलेली ती माणसे वऱ्हाडात स्थिरावली. आपल्या संविधानाने अशा लोकांसाठी आपल्या सहाव्या अनुच्छेदात जागा करून ठेविली. 19 जुलै 1948 पूर्वी पाकिस्तानातून आलेल्यांस एका रीतीने, त्यानंतर आलेल्यांस नोंदणीच्या रीतीने नागरिकत्व मिळाले. निर्वासितांचा प्रश्न संविधानाच्या उंबरठ्यावरच उभा होता, हे ह्यावरून दिसून येते.

ती रीघ तेथेच थांबली नाही. सिंधमधून हिंदू कुटुंबे पुढेही येत राहिली, आणि नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव अशा शहरांतील आपल्या नातलगांच्या आधाराने राहू लागली. त्यांच्या येण्याचे कारण विचारले म्हणजे दोन गोष्टी एकत्रच ऐकू येतात. एक, आमच्या धर्मामुळे आम्ही तेथे सुरक्षित नव्हतो. दुसरी, आमच्या व्यापारी घरातील माणूस पळवून नेऊन खंडणी मागतात. सिंधमधील काश्मोर, घोटकी, शिकारपूर ह्या जिल्ह्यांत सिंधू नदीच्या काठच्या 'कच्च्या' प्रदेशात दरोडेखोरांच्या टोळ्या आहेत. माणसे पळवून पैसे उकळणे हा त्यांचा धंदाच होऊन बसला आहे. कराचीत व्यापाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या खंडणीस 'भत्ता' हे नावच पडले आहे. 2023 साली काश्मोरमधील हिंदूंनी आपली माणसे पळविली जात असल्याच्या निषेधार्थ धरणे धरले होते. पण ह्याच टोळ्या मुसलमानांनाही पळवितात, हेही तितकेच खरे आहे. मग प्रश्न उभा राहतो : हे भय धर्मामुळे आलेले म्हणावे की पैशामुळे?

ह्या प्रश्नाचे उत्तर कायदा कसे देतो ते आता पाहू.

निर्वासित कोणास म्हणावे?

28 जुलै 1951 रोजी जिनिव्हा येथे निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि 1967 च्या पूरक करारनाम्याने त्यावरील काळाच्या व प्रदेशाच्या मर्यादा दूर झाल्या. ह्या करारानुसार निर्वासित म्हणजे केवळ भ्यालेला माणूस नव्हे. त्याचे भय साधार असले पाहिजे, आणि ते पाच कारणांपैकी एखाद्या कारणामुळे उत्पन्न झालेले असले पाहिजे : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व, किंवा राजकीय मत. शिवाय त्याच्या स्वतःच्या देशाने त्यास संरक्षण दिलेले नसले पाहिजे.

चोर खिशाकडे पाहतो, जातीकडे पाहत नाही, असे म्हणतात. जर खंडणी मागणाऱ्याने केवळ तुमच्याजवळ पैसा आहे म्हणून तुम्हांस गाठले असेल, तर त्याचे कृत्य कितीही क्रूर असले तरी ते वरील पाच कारणांत बसत नाही. तो गुन्हा आहे, त्याची दाद तुमच्या देशाच्या पोलिसांकडे व न्यायालयाकडे मागावी, असे आश्रयाचा निर्णय करणारे अधिकारी म्हणतात. ह्याच कारणाने खंडणीच्या भयावर आधारलेले असंख्य अर्ज परदेशांत फेटाळले जातात.

अमेरिकेतील 1985 सालचा अकोस्टा खटला ह्या बाबतीत ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एल साल्वादोर देशातील एक टॅक्सीचालक आपल्या सहकारी संस्थेबरोबर काम करीत होता. बंडखोरांनी टॅक्सी बंद ठेवण्याचा हुकूम सोडला. त्याने तो मानला नाही. त्यास मारहाण झाली, धमक्या आल्या. तो अमेरिकेस गेला. तेथील स्थलांतर-अपील मंडळाने सांगितले की, टॅक्सीचालक हा 'विशिष्ट सामाजिक गट' नव्हे, कारण माणूस धंदा बदलू शकतो. मात्र ह्याच निकालात त्या मंडळाने एक मोठे तत्त्व सांगून ठेविले. सामाजिक गट म्हणजे ज्यांचे लक्षण बदलता येत नाही, किंवा जे लक्षण माणसाच्या ओळखीचे व विवेकबुद्धीचे अंग असल्यामुळे ते बदलण्याची सक्ती त्याच्यावर कोणी करू नये, अशा माणसांचा गट.

बंधु-भगिनींनो, ह्या तत्त्वाच्या उत्तरार्धाकडे आपण विशेष लक्ष द्यावे. आपणांस कित्येकदा ऐकविले जाते की, धर्म तर तुम्ही आपखुशीने बदलला. मग त्रास होत असेल तर तो पुन्हा बदला. ह्या म्हणण्यात कायद्याच्या दृष्टीनेही काही अर्थ नाही. धर्म बदलता येतो हे खरे; परंतु तो बदलावा अशी सक्ती कोणी कोणावर करू शकत नाही. जे माणसाने आपल्या विवेकाने स्वीकारले, ते जन्माने मिळालेल्या गोष्टीइतकेच संरक्षणास पात्र आहे. आपल्या संविधानाचा पंचविसावा अनुच्छेदही विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येकास देतो.

आणि 'धंदा बदलता येतो' ह्या पूर्वार्धाविषयी काय म्हणावे? ज्या समाजात धंदा जन्माने ठरतो, तेथे ते म्हणणे लागू पडत नाही. ह्याचा पुरावा फाळणीच्या इतिहासातच आहे. नोव्हेंबर 1947 मध्ये बाबासाहेबांनी पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांविषयी पत्रक काढले, आणि 18 डिसेंबर 1947 रोजी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. त्यांची तक्रार अशी होती की, इतर हिंदू निघून जात असताना अस्पृश्यांना मात्र तेथील सरकार जाऊ देत नाही, कारण सफाईची कामे करावयास कोणी उरणार नाही. त्यांची कामे अत्यावश्यक सेवा ठरवून त्यांस अडकवून ठेविले आहे. सिंधचा व्यापारी आपला धंदा बदलून अमरावतीस येऊ शकला. झाडूवाल्यास झाडू सोडण्याचीही मोकळीक नव्हती. पैसा उकळणे ही जशी खंडणी, तशी माणसाचे श्रम उकळणे ही त्याहून जुनी खंडणी होय. आपण तिला वेठ म्हणतो. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने ती गुन्हा ठरविली आहे.

दोन दुकाने, एक हप्ता

हा भेद उदाहरणाने समजून घेऊ. कल्पना करा की, वऱ्हाडातील एका मोठ्या गावच्या बाजारपेठेत गुंडांची एक टोळी आहे. ती रस्त्यावरील प्रत्येक दुकानदाराकडून हप्ता घेते. किराणावाला देतो, कापडवाला देतो, चहावाला देतो. त्यांत एक बौद्ध दुकानदारही आहे. तोही तितकाच देतो. हे भय सार्वत्रिक आहे. उद्या तो परदेशी जाऊन आश्रय मागू लागला, तर अधिकारी म्हणेल की, जो धोका तुमच्या देशात सर्वांनाच आहे, तो तुमच्या एकट्याचा नव्हे. कॅनडाच्या 2001 च्या स्थलांतर कायद्याच्या सत्त्याण्णवाव्या कलमात, पाच कारणांखेरीज जिवाच्या धोक्यासाठी संरक्षण देण्याची सोय आहे; परंतु तेथेही अट हीच आहे की, तो धोका त्या देशातील इतरांना सर्वसाधारणपणे असलेल्या धोक्यासारखा नसावा.

आता दुसरी कल्पना करा. त्याच बाजारात इतरांना कोणी हात लावीत नाही. परंतु बौद्ध दुकानदाराने दुकानावर पंचशील ध्वज लावला, मुलाला शिकविले, गावाच्या जुन्या कामांस नकार दिला, आणि त्या दिवसापासून त्याच्याकडेच दुप्पट हप्ता मागू लागले. 'तुमच्या लोकांनी येथे दुकान घालावयाचे असेल तर पैसे मोजावे लागतील' असे बजावू लागले. मागणी पैशाचीच आहे, पण कारण पैसा नाही. पहिल्या भयाचे मूळ खिशात आहे. दुसऱ्याचे मूळ माणूस कोण आहे ह्यात आहे. पहिला गुन्हा आहे. दुसरा गुन्हाही आहे आणि छळही आहे.

प्रत्यक्ष जीवनात ही दोन मुळे कित्येकदा एकमेकांत गुंतलेली असतात. सिंधमधील व्यापाऱ्याला पळविण्यात पैसा हा हेतू असतोच. परंतु त्याच्या मागे कोणी उभे राहणार नाही, पोलिसांत त्याचे कोणी ऐकणार नाही, हे ओळखून त्यास निवडलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने मार्च 2010 मध्ये टोळ्यांच्या बळींविषयी जी मार्गदर्शक टिप्पणी काढली, तीतही हेच आहे की, टोळी पैसा मागते एवढ्यावरून प्रश्न संपत नाही. हाच माणूस का निवडला, आणि त्याने नकार दिल्यावर त्या नकाराकडे कोणत्या दृष्टीने पाहिले गेले, हे तपासले पाहिजे.

राज्याने हात वर केले तर?

दुसरा प्रश्न राज्याच्या संरक्षणाचा. छळ करणारा सरकारचा माणूसच असला पाहिजे काय? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 सालच्या वॉर्ड खटल्यात ह्याचे उत्तर दिले. आयर्लंडमधील एका सशस्त्र संघटनेच्या सदस्याने, ज्यांना ठार मारण्याचा हुकूम होता अशा ओलिसांना सोडून दिले. संघटनेने त्यालाच मृत्यूची शिक्षा ठरविली. तो पळून कॅनडास गेला. न्यायालय म्हणाले की, छळ करणारा खाजगी असला तरी चालेल; त्या देशाचे राज्य त्यास वाचविण्यास असमर्थ असेल तर तो आश्रय मागू शकतो. परंतु राज्य आपल्या नागरिकांचे रक्षण करू शकते असे गृहीत धरले जाईल, आणि ते करू शकत नाही हे दाखविण्यासाठी स्पष्ट पुरावा द्यावा लागेल.

तिसरा प्रश्नही विचारला जातो : तुम्ही आपल्याच देशाच्या दुसऱ्या भागात सुरक्षित राहू शकला असता काय? खेड्यातून अकोल्यास, अकोल्याहून पुण्यास गेला असता, तर भय संपले असते काय? संपले असते असे उत्तर आले, तर परदेशी आश्रय मिळत नाही.

म्हणून सारांश असा सांगता येईल. मला का निवडले? राज्याने मला का वाचविले नाही? आणि मी माझ्या देशात इतरत्र का राहू शकत नाही? ह्या तीन प्रश्नांची खरी, पुराव्यानिशी उत्तरे ज्याच्याजवळ आहेत, त्याच्या बाजूने कायदा उभा राहतो.

भारताची रीत

भारताने 1951 च्या करारावर किंवा 1967 च्या करारनाम्यावर सही केलेली नाही. आपल्या देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. परकीयांविषयीचा जुना 1946 चा कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून स्थलांतर व परकीय नागरिक अधिनियम, 2025 अमलात आला आहे. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांस 2019 च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने सवलत दिली. त्याचे नियम 11 मार्च 2024 रोजी निघाले. 2015 साली ह्यासंबंधी ज्या अधिसूचना निघाल्या, त्यांत धार्मिक छळ किंवा त्याचे भय हेच कारण दिलेले आहे, खंडणीचे नाही. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदू नागरिकांचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम ठेवण्यात आले.

ह्या कायद्याच्या यादीत 'बौद्ध' हा शब्द आहे, म्हणून आपण समाधान मानून स्वस्थ बसावे काय? आपल्याच विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथे 1972 पासून तिबेटी बौद्धांची वसाहत आहे. ते बौद्ध आहेत आणि निर्वासितही आहेत. परंतु चीन हा देश त्या यादीत नाही, म्हणून हा कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ह्या यादीत मुसलमानांतील छळ झालेले पंथही नाहीत, म्यानमारमधून आलेले रोहिंग्याही नाहीत. आश्रयाचा हक्क यादीतील नावावरून ठरविला म्हणजे ज्याचे नाव राहून गेले त्याचे भय खोटे ठरत नाही. केवळ ते ऐकले जात नाही.

मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एक भक्कम आधार दिला आहे, आणि तो आपल्या धम्मबांधवांच्याच खटल्यात. पूर्व पाकिस्तानातील चितगाव डोंगराळ प्रदेशातील चकमा हे बौद्ध लोक 1964 पासून भारतात आले. कप्ताई धरणाने त्यांच्या जमिनी बुडविल्या होत्या, आणि धार्मिक छळही होत होता. त्यांस आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविण्यात आले. पुढे तेथील विद्यार्थी संघटनेने त्यांस 'निघून जा' अशा नोटिसा दिल्या आणि धमक्या सुरू झाल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग न्यायालयात गेला. 9 जानेवारी 1996 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताचे रक्षण नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसास आहे. कोणत्याही गटाने त्यांस धमकावून हाकलून द्यावे हे राज्यास चालू देता येणार नाही. सुमारे 65,000 लोकांच्या शिरावरील छत्र त्या निकालाने टिकले.

आणि येथेही सत्य पूर्ण सांगितले पाहिजे. आजच्या बांगलादेशातील त्याच डोंगराळ प्रदेशात स्थानिक सशस्त्र गट पहाडी लोकांकडून खंडणी घेतात. घेणारा व देणारा पुष्कळदा एकाच समाजाचा असतो. ते भय खरे आहे, पण ते धार्मिक छळाचे भय नव्हे. आपल्या माणसांवरील प्रत्येक संकटास धर्माचा रंग देणे हे आपल्या लढ्याचे बळ वाढविणारे नाही.

आपल्या गावातील निर्वासित

आता आपल्या उंबरठ्याकडे वळू. जो माणूस भयाने आपले गाव सोडून जातो, पण देशाची सीमा ओलांडत नाही, त्यास आंतरराष्ट्रीय कायदा निर्वासित म्हणत नाही. पण त्याचे दुःख कमी आहे काय? मार्च 2024 मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात, पांढरी खानमपूर येथे, गावाच्या प्रवेशद्वाराला बाबासाहेबांचे नाव देण्याच्या वादातून बौद्ध कुटुंबांनी गाव सोडले आणि मुंबईची वाट धरली. त्यापूर्वी 1974 साली अकोला जिल्ह्यातील ढाकळी गावात दोन दलित भावांचे डोळे काढले गेले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले की, गावातील सत्तेपुढे मान न वाकविणाऱ्याची किंमत काय असते. भय हे नेहमी रोख रकमेतच वसूल होते असे नाही. कधी ते पाणी तोडून, कधी मजुरी बंद करून, कधी दळण नाकारून वसूल होते.

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, 1989 ह्या बाबतीत काय म्हणतो, हे प्रत्येक घरास ठाऊक असावे. आपणांस घर, गाव किंवा राहते ठिकाण सोडण्यास भाग पाडणे हा त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. वेठ घेणे हा गुन्हा आहे. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे, ही 2015 ची दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून लागू झाल्यानंतर, गुन्हा आहे. ह्याच कायद्याच्या दहाव्या कलमाचे तत्त्व तर सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवावे असे आहे : ज्याच्याकडून अत्याचार होण्याचा संभव आहे, त्यास निश्चित केलेल्या क्षेत्रातून बाहेर जाण्याचा हुकूम विशेष न्यायालय देऊ शकते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गाव सोडावयाचे ते भय घालणाऱ्याने. भयभीत झालेल्याने नव्हे. आणि ज्यास साक्षीमुळे धोका आहे, अशा पीडितास व साक्षीदारास सुरक्षित ठिकाणी हलविणे हे कलम पंधरा-अ प्रमाणे राज्याचे कर्तव्य आहे.

'आम्ही बौद्ध झालो, आता हा कायदा आम्हांस लागू नाही' अशी एक समजूत नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांत ऐकू येते. ती टाकून द्यावी. 1990 सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध धर्मात आलेल्यांचा अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे. त्यासाठी मूळ जात व बौद्ध धर्म ही दोन्ही स्पष्ट दर्शविणारा जातीचा दाखला घरात जपून ठेवावा. दीक्षेच्या अभिमानाने दाखला फाडून टाकणे ही आपल्याच मुलाबाळांवर आणलेली अडचण होय.

निव्वळ खंडणीसाठीही कायदा आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे 308 वे कलम लागू आहे. त्यात खंडणीस सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, आणि तेथे जात-धर्म विचारला जात नाही. बेकायदा सावकाराने कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 आहे. अर्ज सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करावा. जातपंचायत दंड मागत असेल, वाळीत टाकीत असेल, तर 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

काय करावे?

आश्रय मागणाऱ्यास जे तीन प्रश्न विचारतात, तेच आपले ठाणेदारही मनात विचारीत असतात. म्हणून तक्रार लिहिताना भावनेपेक्षा तपशील लिहावा. कोणी धमकी दिली, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणासमक्ष. किती रक्कम मागितली. कोणते शब्द वापरले. जातीचा किंवा धर्माचा उल्लेख केला असल्यास तो जसाच्या तसा. इतर दुकानदारांस किंवा शेजाऱ्यांस तशी मागणी झाली होती किंवा नाही, तेही लिहावे, कारण 'मलाच का निवडले' ह्याचे उत्तर तेथेच आहे. मोबाईलवरील निरोप व आवाज पुसून टाकू नयेत. तक्रारीची प्रत व पोच घ्यावी.

अत्याचाराच्या गुन्ह्यात प्रथम खबर नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे 2018 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. ठाण्यात नोंद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांस लेखी अर्ज करावा. तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा, अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा लोकसेवक कलम चार प्रमाणे स्वतःच शिक्षेस पात्र ठरतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व संनियंत्रण समिती असते. तिच्यापुढे गावचे प्रकरण ठेवावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 14566 हा अत्याचारविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक घरातील भिंतीवर लिहून ठेवावा.

आता ज्यांची मुले परदेशी शिकावयास किंवा नोकरीस गेली आहेत, त्यांच्यासाठी एक सूचना. व्हिसा संपत आला म्हणजे एखादा दलाल कानात सांगतो की, 'खंडणीच्या भयाची एक गोष्ट लिहून द्या, राहावयास मिळेल.' असल्या गोष्टीस बळी पडू नये. खंडणीचे भय एकटे पुरेसे नाही, हे आपण वर पाहिलेच. रचलेली गोष्ट उघडकीस आली म्हणजे खऱ्या अर्जावरचा विश्वासही उडतो. कॅनडात 2023 नंतर भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांकडून खंडणी मागण्याचे प्रकार ब्रॅम्प्टन व सरे ह्या शहरांत वाढले. 29 सप्टेंबर 2025 रोजी त्या देशाने बिश्नोई टोळीस दहशतवादी संघटना ठरविले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस असेही दिसून आले की, खंडणीच्या संशयितांपैकी काहींनी स्वतःच आश्रयाचे अर्ज दाखल केले आहेत! गंभीर गुन्हा करून आलेल्यास 1951 चा करार आपल्या छत्राखाली घेत नाही. परंतु असल्या अर्जांच्या गर्दीत ज्याच्या घरावर खरोखर दगड पडले, त्याचा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतो. मृषावादापासून दूर राहण्याचे शील आपण दररोज घेतो. ते कचेरीच्या मेजापुढेही पाळावयाचे आहे. जो खोटे भय विकतो, तो खऱ्या भयभीताचे आसन हिसकावून घेतो.

उघडी दारे

शेवटी एक जुनी गोष्ट सांगून आटोपतो. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात भगवान बुद्धांनी एका राजाची कथा सांगितली आहे. त्याच्या राज्यात चोर-लुटारूंनी उच्छाद मांडला होता. राजास मोठा यज्ञ करावयाचा होता. पुरोहिताने त्यास सांगितले की, अशा स्थितीत प्रजेवर नवा कर बसविणे अन्यायाचे होईल, आणि केवळ मारझोड व बंदिवास ह्यांनीही हा त्रास मिटणार नाही. जे शेती करतात त्यांस बी-बियाणे द्या, व्यापार करू पाहतात त्यांस भांडवल द्या, चाकरी करतात त्यांस वेतन द्या. राजाने तसे केले, लोक आपापल्या कामास लागले, आणि राज्यातील माणसे घराची दारे उघडी टाकून निर्धास्त राहू लागली.

ह्या कथेत आश्रयाच्या प्रश्नाचे मूळ आहे. माणूस देश सोडतो किंवा गाव सोडतो, तो दूरच्या सुखासाठी क्वचितच. बहुधा आपल्या दारास कडी लावूनही झोप येत नाही म्हणून. राज्याचे पहिले काम हे की, कोणासही तशी वेळ येऊ नये. आणि ज्याच्यावर ती वेळ आली, त्याच्या भयाचे कारण नीट विचारून घेण्याचे काम शेजारच्या राज्याचे. रामपुरी कॅम्पातील सिंधी असो, अरुणाचलातील चकमा असो, गोठणगावचा तिबेटी असो की पांढरीचे बौद्ध कुटुंब असो. ह्या सर्वांचे भय समजून घेण्याची पात्रता आपणांत असली पाहिजे, कारण गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय हे आपणांइतके कोणास ठाऊक आहे?

म्हणून माझी आपणांस एवढीच विनंती आहे. आपल्या वस्तीत कोणी हप्ता मागत असेल, बहिष्कार घालीत असेल, गाव सोडावयास सांगत असेल, तर त्या घराने एकट्याने सामान बांधू नये. विहारात बसून चार माणसांनी त्या घराची तक्रार लिहावी, तारखेनिशी लिहावी, आणि ठाण्यापर्यंत त्याच्या सोबत चालत जावे. कायद्याने जावयाचे ठरविले आहे ते भय घालणाऱ्याने. आपण आपल्या दारात उभे राहावयाचे आहे.

जय भीम.